परळच्या खोलीतलं गाऱ्हाणं

तन्वी आणि आरोह, तुम्हा दोघांसाठी मी हे लिहिते आहे, पण खरं सांगायचं तर तन्वीमुळे लिहायला बसले. मागच्या रविवारी फोनवर तू म्हणालीस की तुझ्या संस्थेने तुला खेड्यांतल्या शाळांच्या कामावर पाठवायचं ठरवलं आहे, आणि मग अगदी सहज विचारलंस, "आजी, तिथल्या लोकांना काय हवंय ते आपल्याला कळतं कसं?" मी तेव्हा काहीतरी उत्तर दिलं आणि मग तुझी आई फोनवर आली. पण तो प्रश्न डोक्यातून जाईना. मलाही एकदा तो पडला होता, तुझ्याहून लहान असताना, आणि त्याचं उत्तर मी डोळ्यांनी पाहिलं होतं. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला वाचायला सोपं गेलं असतं, मलाही जड गेलं नसतं. पण यातली माणसं इंग्रजीत बोलत नाहीत. काही तर तुमच्यामाझ्यासारखं मराठीही बोलत नाहीत. अडलं तर आईला विचारा, तिला मालवणी कळते.

आमचं घर गिरगावात, दुसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पुढे लांबलचक गॅलरी. सकाळी जाग यायची ती पाववाल्याच्या सायकलच्या घंटीने, आणि मग शेजारच्या घरातला रेडिओ, आईच्या स्टोव्हचा पंप आणि नळाखाली ठेवलेल्या पितळी हंड्यात पाणी पडण्याचा आवाज, जो हंडा भरत आला की बदलायचा. आई त्या आवाजावर ओळखायची, कुठेही असली तरी म्हणायची, "नळ बंद कर गं." घरात सगळ्याला जागा ठरलेली होती. कात्री खिळ्याला, पोस्टाची पाकिटं कपाटाच्या डाव्या खणात, तिरफळांची बरणी वरच्या फळीवर. माझा टापटिपीचा सोस तिथून आला. बाबा एका बोटींच्या कंपनीत कारकून होते आणि आमच्या गावाच्या मुंबईतल्या मंडळाचे चिटणीस होते. ऑफिसात ते वाकून बोलत, मंडळात ताठ बसत. आणखी एक गंमत मला लहानपणापासून वाटायची. आमच्याशी ते शाळेतल्या पुस्तकासारखं मराठी बोलत, पण गावचं कुणी जिना चढून आलं की "इलंस? ये, बस" म्हणून जे सुरू करत, ते माणूस जाईपर्यंत मालवणीतून बाहेर पडत नसत. मला वाटायचं, बाबांच्या आत दुसरे एक बाबा राहतात आणि ते जास्त मजेत आहेत.

हे मंडळ म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला हवं. आमचं गाव खारवणे, खाली दक्षिण कोकणात. गावातले निम्मे पुरुष मुंबईत, बहुतेक गिरण्यांत. त्यांची परळला चाळीत एक खोली होती, गावाच्या नावाची. भिंतीला ट्रंका, ट्रंकांवर वळकट्या, दोरीवर कपडे, आणि कोपऱ्यात आमच्या देवाची, रवळनाथाची तसबीर. एक पाळी कामाला गेली की दुसरी पाळी तिथे झोपायची. जेवण जवळच्या खानावळीत. महिन्याचा पहिला रविवार मंडळाच्या बैठकीचा. गावच्या देवळाचं छप्पर, विहिरीचा कठडा, भजनाची पेटी, सगळं त्या खोलीत ठरायचं आणि मग गावाला कळवलं जायचं. पैसे मुंबईचे, म्हणून अक्कलही मुंबईची. कुणाला त्यात काही वावगं वाटत नसे. गावात राहिलेल्या माणसांना, म्हणजे मुख्यतः बायकांनाच, काय हवंय हे विचारावं असं कुणाच्या मनात आलं नाही. ही माणसं वाईट नव्हती हो. पोटाला चिमटा काढून गावासाठी देत होती. पण देणाऱ्याला वाटतं की आपल्याला दिसतंय, तेवढंच आहे.

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते तेव्हा एका परदेशी संस्थेने खारवण्याच्या शाळेसाठी मदत द्यायची तयारी दाखवली. त्यांची पत्रं इंग्रजीत यायची. माझं शिक्षण इंग्रजी शाळेतलं, म्हणून रविवारी दुपारी बाबा मला समोर बसवत, मी वाचून दाखवी, ते उत्तराचा मजकूर सांगत आणि मी तो इंग्रजीत लिही. मंडळाचे अध्यक्ष तात्या. गिरणीत मोठ्या हुद्द्यावर चढलेले, अंगापिंडाने भरलेले, आवाज असा की यंत्रांच्या गलक्यातही ऐकू जावा. त्यांचं ठरलेलं होतं. नवी इमारत बांधायची, ती एस.टी.च्या रस्त्याला लागून, पुढे पोर्च आणि पोर्चमध्ये देणगीदारांच्या नावांचा संगमरवर. "गाडीतसून जाणाऱ्यान विचारूक होया, ह्या कोणाचा गाव?" असं ते म्हणत, आणि खोलीतली सगळी माणसं ती इमारत डोळ्यांपुढे पाहत. दिवसभर सुताच्या धुळीत उभ्या राहणाऱ्या माणसाला आपलं नाव संगमरवरात हवं असेल तर त्याला हसू नये, असं मला आता वाटतं.

त्याच सुमारास सुंदरकाकी आमच्याकडे आली. ती बाबांच्या चुलतभावाची बायको. काका परळच्या खोलीत राहत, काकी गावाला. सडपातळ, काळीसावळी, बोलताना डोळे बारीक करणारी. येताना तिने आणलं होतं कुळथाचं पीठ, आमसुलं, फणसाची साठं आणि सुकटीचं एक गाठोडं, ज्याच्या वासाने आमचा जिना दोन दिवस घमघमत होता. बरोबर मुलगी होती, शेवंती. चौथी पास झालेली. ती दिवसभर गॅलरीत उभी राहायची आणि समोरच्या दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचायची. "शुद्ध तुपाची मिठाई. छत्र्या दुरुस्त करून मिळतील. दातांचे डॉक्टर, वेळ सकाळी..." पाट्या संपल्या की पुन्हा पहिल्यापासून. माझा भाऊ म्हणायचा, "अगं, पाठ झाल्या ना आता?" तर ती म्हणायची, "पाठ झाल्यो. पण वाचूक बरा वाटता."

त्या दोघी आल्या होत्या त्याचं कारण मला स्वयंपाकघरातल्या बोलण्यातून कळलं. शेवंतीला आमच्याकडे ठेवायचं घाटत होतं. आईने काकांना आधीच होय म्हटलं होतं. वरकामाला घरचीच मुलगी, शिवाय तिला पोटभर जेवण आणि चार शहाण्या माणसांची सोबत. आई मनापासून बोलत होती. "सुंदर, ती इथे राहील तर चांगलं वळण लागेल. दुपारी हिची पुस्तकं वाचेल. गावात राहून तरी काय करणार आहे?"

"ता खरा वयनी," काकी कुळथाचं पीठ पाण्यात कालवत म्हणाली. "शाळा आसा गावात. सातवीपर्यंत आसा."

"मग?"

"मास्तर नाय. म्हणजे आसा, पण तालुक्यासून येता. एक दिस येता नि चार दिस येणा नाय. तेका दोष देवचो तरी कसो? व्हाळ भरलो की येवचा कसा, नि ऱ्हवाचा खंय? पोरा जातत, बसतत, घंटा वाजयतत, घराक येतत."

"म्हणूनच तर नवी इमारत होतेय ना," आई म्हणाली.

काकीने कालवलेलं पीठ झाकून ठेवलं. आम्ही कुळथाची पिठी आणि भात जेवलो, वर तळलेली सुकट. शेवंतीने ताट स्वतः उचललं आणि माझंही उचललं. काकी ते बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. पण ज्याच्या घरी उतरलो, ज्याचं मीठ खातो, त्याला तोंडावर नाही कसं म्हणायचं, हा पेच होता. ते मला त्या वेळी नुसतं जाणवलं. नीट कळलं ते पुढच्या रविवारी.

त्या रविवारी परदेशी बाई मंडळाच्या बैठकीला येणार होत्या. नाव हॅना. आम्ही त्यांना मिस हॅना म्हणायचो. दुभाषी मी. बाबांनी बसमध्ये मला समजावलं. "प्रत्येक शब्दाचं भाषांतर करत बसू नकोस. सारांश सांग. त्यांना जेवढं आवश्यक आहे तेवढं." मी बरं म्हटलं. काकी आणि शेवंती मागच्या सीटवर होत्या. काकांना भेटायचं म्हणून काकी आली होती, निदान सगळ्यांना असं वाटत होतं. खोली त्या दिवशी झाडून पुसून लख्ख केली होती, ट्रंकांवर चादरी घातल्या होत्या, देवाला जास्वंदीचा हार होता. मिस हॅना उंच होत्या, दारातून वाकून आल्या, चप्पल काढून खाली मांडी घालून बसल्या. समोर सोलकढीचा पेला आला तो त्यांनी एका दमात संपवला आणि आणखी मागितला, तेव्हा खोलीतला अर्धा संकोच गेला.

मंडळाची रीत अशी होती की गाऱ्हाणं घातल्याशिवाय कामाला सुरुवात करायची नाही. गाऱ्हाणं म्हणजे देवाला उभं राहून केलेली विनंती. एकाने देवाला एकेक मागणं सांगत जायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक मागण्यामागे एका सुरात "व्हय म्हाराजा" म्हणायचं. गावात हा मान गावकराचा, म्हणजे गावच्या मुख्य मानकऱ्याचा. परळला तो बापूंचा होता. बापू म्हातारे, गिरणीतून निवृत्त झालेले, खोलीच्या कोपऱ्यातच राहायचे. त्या दिवशी बापूंनी गळ्याला हात लावून खूण केली की आवाज बसलाय. मग इकडेतिकडे बघणं सुरू झालं. "तू घाल." "माका खंय येता?" "तात्यांनू, तुमी घाला." तात्या म्हणाले, "माझा पाठांतर नाय." सगळ्यांना फक्त होकार द्यायचा भाग येत होता. तेव्हा बापूंनी दाराकडे बोट केलं. तिथे काकी पदर सावरून बसली होती. बापू घोगऱ्या आवाजात पुटपुटले, "गावकराची सून ती. सासऱ्याचा ऐकान येता तिका. घालूंदेत."

"बाईमाणूस?" कुणीतरी म्हणालं.

"देवाक ऐकाक येता, मगे तुका काय त्रास?" बापू म्हणाले. बसलेल्या आवाजाच्या मानाने हे जरा खणखणीतच निघालं.

काकी उठली. नारळावर हात ठेवून तसबिरीकडे तोंड करून उभी राहिली. आधी आवाज बारीक होता.

"बा देवा रवळनाथा म्हाराजाऽऽ"

"व्हय म्हाराजा."

"आज हंय परळाक तुजी सगळी लेकरा एका जाग्यार जमली आसत, तेंका सुखी ठेव रे म्हाराजाऽऽ"

"व्हय म्हाराजा."

"गिरणीत दिसपाळी रातपाळी करतत, तेंच्या हातापायांक सांभाळ रे म्हाराजाऽऽ"

"व्हय म्हाराजा." हे जोरात आलं.

"परदेशासून ही बाय इली आसा, तिच्या कामाक यश दी रे म्हाराजाऽऽ"

"व्हय म्हाराजा." लय लागली होती. माणसांनी डोळे मिटले होते. ज्यांनी हे लहानपणी शिमग्यात देवळासमोर उभं राहून म्हटलंय, त्यांना हे शब्द जिभेवर आणावे लागत नाहीत, ते येतात.

"गावात शाळा आसा पण मास्तराक ऱ्हवाक जागा नाय. ती खोली आदी बांधूची बुद्धी ह्या सगळ्यांका दी रे म्हाराजाऽऽ"

"व्हय म्हाराजा."

"तेतूर ऱ्हवाक बाई दी, म्हणजे आवशी चेडवांका शाळेत धाडतीत रे म्हाराजाऽऽ"

"व्हय म्हाराजा." आया मुलींना शाळेत धाडतील, इथपर्यंत गाऱ्हाणं आल्यावर तात्यांनी एक डोळा उघडला होता.

"सातवी झाल्याबगर गावचा एकय चेडू मुंबैक कोणाच्या घराक भांडी घासूक जावचा नाय, असा कर रे म्हाराजाऽऽ"

या वेळी होकार विरळ आला. ज्यांना अर्थ उमगला ते थांबले, बाकीचे म्हणून मोकळे झाले. बाबा माझ्या शेजारी बसले होते. त्यांचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. "व्हय म्हाराजा."

"गावच्या कामाचा ठरयताना गावात ऱ्हवतत त्या बायकांका इचारल्याबगर कायएक ठरूचा नाय रे म्हाराजाऽऽ आणि व्हय म्हणान मागसून जो कोण फिरात, तेका तू बघून घी रे म्हाराजाऽऽ"

आता न म्हणावं तर देव बघून घेणार, आणि म्हणावं तर झालंच. बापूंनीच सगळ्यांच्या वर आवाज लावला, "व्हय म्हाराजा!" आणि त्यांच्यामागे सगळी खोली. नारळ फुटला.

मिस हॅनांनी माझ्याकडे वळून इंग्रजीत विचारलं, "हे सगळे कशाला हो म्हणाले?"

"सांग गो," तात्या घाईने म्हणाले, "देवाचो आशीर्वाद मागलो म्हणान."

तो सारांश होता. खोटाही नव्हता. मी बाबांकडे पाहिलं. ते समोर पाहत होते, मान हलवत नव्हते, होयही नाही आणि नाहीही नाही. काकीचे हात नारळाच्या पाण्याने ओले होते आणि ती माझ्याकडे बघत होती. तिला इंग्रजी येत नव्हतं. मी काय सांगते ते तिला कधीच कळलं नसतं. मी पहिल्या वाक्यापासून सुरुवात केली आणि एकेक मागणं जसंच्या तसं सांगितलं, शेवटच्या धमकीसकट. ऐकून झाल्यावर मिस हॅनांनी काकीला विचारायला सांगितलं, "तुम्हाला नवी इमारत नको का?"

"नको कशाक? होयी," काकी म्हणाली. "पण आदी माणूस, मगे भिंती. भिंती काय, त्यो आज नाय तर उद्या होतल्यो."

तात्या उसळले. "गाऱ्हाण्यातला बोलणा म्हणजे ठराव नव्हे. कायपण काय?"

त्यावर बाबा बोलले. मंडळात ते अध्यक्षांच्या विरोधात कधी बोललेले मी ऐकलं नव्हतं. ते मालवणीत बोलले नाहीत, आमच्याशी बोलत तसं बोलले. "तात्या, मी चिटणीस. मला फक्त एवढं सांगा, आपण आत्ता देवासमोर होय म्हटलं की नाही?"

कुणीतरी हसलं. मग दुसरा. रातपाळी करून आलेला एक जण म्हणाला, "माझी बायको हंय इली तर काय काय मागात रे देवाकडे." त्यावर खोलीभर हशा पिकला आणि तात्यांनाही शेवटी हसावं लागलं. मिस हॅना म्हणाल्या की त्यांची संस्था फक्त बांधकामाला पैसे देते, पण छप्पर असलेलं काहीही त्यांना चालेल. हे मी मराठीत सांगितलं तेव्हा टाळ्या पडल्या. भजी आली. बापूंनी, ज्यांचा घसा बसला होता, तिखट मिरचीची भजी सर्वांत जास्त खाल्ली. त्यांना हे सगळं आधी माहीत होतं. काकी आदल्या आठवड्यात काकांना डबा द्यायला म्हणून त्यांनाच भेटून आली होती.

घरी आल्यावर बाबांनी आईला सगळं सांगितलं. आई बराच वेळ भांडी जागच्या जागी लावत राहिली. मग म्हणाली, "सुंदर, मला आधी सांगितलं असतंस तर मी काय जबरदस्ती केली असती?"

"तुमका नाय म्हणाक माझी जीभ वळणा नाय, वयनी," काकी म्हणाली. "देवाक सांगूक बरा पडला."

आईला हसू आवरेना. तिने शेवंतीसाठी काढून ठेवलेली नवी चादर तिला तशीच बांधून दिली. "तिकडेच पांघर," म्हणाली.

सगळं लगेच सुरळीत झालं असं समजू नका. शिक्षिकेच्या खोलीच्या पायाचे चिरे गावातल्या बायकांनी डोक्यावरून वाहिले, मी मेच्या सुट्टीत गेले तेव्हा पाहिलं. पहिल्या बाई पावसाळ्याला कंटाळून निघून गेल्या. दुसऱ्या राहिल्या, आणि खूप वर्षं राहिल्या. त्यांच्या हाताखाली शेवंती सातवी झाली, मग तालुक्याला मामाकडे राहून मॅट्रिक. ती पुढे अंगणवाडीत लागली. पंचायतीत बायकांच्या जागा राखून ठेवल्या गेल्या तेव्हा खारवण्यात कुणाला प्रश्न पडला नाही की उभं कोण राहणार. काकी म्हातारपणी निवडून आली आणि सभेत डोळे बारीक करून बसू लागली. इमारत झाली, पण रस्त्याला लागून नाही, वाडीच्या मधोमध. तात्यांचा संगमरवरही लागला. काकीनेच तो लावून घेतला. म्हणाली, "तेंका तरी काय गावला होता मुंबैत?"

तन्वी, तुझ्याबरोबर तिथे एखादी दुभाषी मुलगी असेल. तिला कुणी सारांश सांगायला सांगितलंय का, ते आधी विचार. मला एवढंच सांगायचं होतं.

परळची ती चाळ आता नाही, आणि मंडळाच्या बैठका कुणाच्या तरी हॉलमध्ये, बऱ्याचदा फोनवरच होतात. तात्या, बापू, बाबा, आई, काकी, कुणी राहिलं नाही. शाळेत मुलं कमी झाली आहेत, पण शाळा चालू आहे. शेवंती परवा फोनवर सांगत होती की खारवण्याच्या ग्रामसभेआधी बायकांची वेगळी सभा भरते आणि तिथे ठरल्याशिवाय पुढचं काही होत नाही. शिक्षिकेच्या खोलीला नवं छप्पर घातलं आहे. तिथे सध्या एक तरुण बाई राहतात. त्या कुठल्या दूरच्या जिल्ह्यातून आल्या आहेत, आणि मला त्यांचं नावही माहीत नाही.